पाचवं घर

औषधवालीच्या पायाला भिंगरी आहे, हे तिच्या सासूबाईंनी लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी ताडलं होतं. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच औषधांचं दुकान. गिऱ्हाईक चिठ्ठी पुढे करतंय न करतंय तोच हिचा हात बरोबर त्या खणात. "ही जेवणाआधी, ही जेवणानंतर, आणि ही घेतल्यावर गाडी चालवायची नाही. काका, मी ओळखते तुम्हाला." शटर खाली ओढलं की चर्चची कामं सुरू. मंगळवारी गायकवर्ग, बुधवारी महिला मंडळ, शुक्रवारी कसली ना कसली मिटिंग. आणि गुरुवारी भेटी.

या भेटी म्हणजे तिचा जीव की प्राण. चर्चमधले जे आजारी, थकलेले, एकटे, त्यांच्या घरी जाऊन अर्धा तास बसायचं. फोन बंद. त्यांचं ऐकायचं, शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला, एखादा भाग वाचायचा, प्रार्थना करायची. लोक म्हणत, बाई औषध देते त्यापेक्षा तिच्या बसण्यानेच बरं वाटतं. खोटं नव्हतं ते. कुणाजवळ बसली की ती खरोखरच बसायची.

पण या आठवड्यात तिचं कशातच लक्ष लागत नव्हतं. सोमवारी जेवताना सासूबाईंनी शांतपणे सांगून टाकलं होतं, "रविवारची उपासना झाली की मी लेकीकडे जाते राहायला. आता तिकडेच."

"का? काय झालं?"

"काही नाही गं. हवापालट."

हवापालट म्हणे! सत्त्याहत्तराव्या वर्षी, चोवीस वर्षांचं घर सोडून? औषधवालीची स्वतःची आई ती अकरा वर्षांची असतानाच गेली होती. या घरात आली तेव्हा आपल्याला नवरा मिळतोय एवढंच तिला माहीत होतं. आई मिळेल असं कुणी सांगितलं नव्हतं. तिच्या बाळंतपणात रात्रंदिवस उशाशी बसल्या त्या याच. दुकान काढायचं म्हटल्यावर सगळे नाकं मुरडत होते, तेव्हा 'काढ, मी पोर सांभाळते' म्हणाल्या त्याही याच. पोर मोठी होऊन शिकायला बाहेर गेली, आणि आता या निघाल्या.

तिने नवऱ्याला विचारलं. तो बसचालक. रस्ता सोडून इकडेतिकडे बघायची त्याला सवय नाही. "आईच्या मनात असेल तसं करू दे," म्हणाला आणि ड्युटीवर गेला.

आपणच नीट बसून बोलू, असं तिने ठरवलं. पण मंगळवारी गायकवर्ग होता. बुधवारी महिला मंडळ. बोलू, बोलू म्हणता गुरुवार उजाडला.

पाच वाजता चर्चच्या पाळकसाहेबांनी फोनवर भेटींची यादी पाठवली. ती दुकानाच्या पायरीवर उभी राहून वाचू लागली. पाठीच्या आणि डोळ्यांच्या दुखण्याचा सुतार. निवृत्त मास्तर. पलीकडच्या चाळीतल्या दोघी बहिणी. बायको गेलेला न्हावी. आणि पाचवं घर: तिसरा मजला, जिन्यासमोरचं दार. तिचंच दार की हो!

तिने तडक फोन लावला. "पाळकसाहेब, यादीत घोळ झालाय. पाचवा पत्ता माझाच पडलाय."

"घोळ नाही, ताई." पाळकसाहेब जरा चाचरले. "तुमच्या सासूबाईंनी स्वतः फोन केला होता. म्हणाल्या, दिवसभर एकटी असते, मलाही कुणाला तरी भेटायला पाठवा."

"आणि तुम्ही मलाच पाठवताय?"

"त्यांनीच सांगितलं. म्हणाल्या, ती औषधवाली लोकांजवळ छान बसते म्हणे. तिलाच पाठवा."

औषधवालीची कानशिलं तापली. आधी आला तो राग. चारचौघांत नाक कापलं म्हाताऱ्या बाईने! मला तोंडावर सांगायला काय झालं होतं? त्याच तिरीमिरीत ती सुताराच्या घराकडे निघाली, कारण पायांना तोच रस्ता ठाऊक. कोपऱ्यावरच्या सायकलच्या दुकानापाशी मात्र पाय थबकले. तोंडावर सांगायला आपलं तोंड घरात सापडायला नको का कुणाला?

तिने पुन्हा फोन केला. "आज चार घरं दुसऱ्या कुणाला देता येतील?"

"का नाही? गायकवर्गातल्या दोघी वर्षभर विचारतायत, आम्हाला एखादं घर कधी मिळणार म्हणून."

"मला कधी बोलल्या नाहीत त्या."

"तुम्ही सापडलात तर बोलतील ना, ताई."

घरी पोचल्यावर किल्ली पर्समध्ये असूनही तिने बेल वाजवली. बराच वेळ गेला. आतून भिंतीला हात घासत येणारी पावलं ऐकू आली. दार उघडलं.

"किल्ली विसरलीस?"

"नाही. भेटीला आलेय."

सासूबाई पदर सारखा करून म्हणाल्या, "ये की. बस. पाणी आणते."

"मी घेते ना, आई."

"पाहुण्यांनी उठायचं नसतं."

ती खुर्चीवर बसून बघत राहिली. सासूबाईंनी फळीवर हात फिरवत पेला शोधला. चाचपून शोधला. पाणी ओततानाही त्यांचं एक बोट पेल्याच्या आत होतं. बोट भिजलं तेव्हा त्या थांबल्या.

"आई, तुम्हाला दिसत नाहीये?"

"दिसतं की. धुक्यातून दिसावं तसं दिसतं."

"कधीपासून?"

"झाले तीनेक महिने."

"पण रोज सकाळी तुम्ही शास्त्र उघडून वाचत बसता!"

"पाठ आहे तेवढं म्हणते. मधूनमधून पान उलटते."

"पान कशाला उलटायचं मग?"

"तू बघितलंस तर तुला काळजी नको म्हणून." सासूबाईंनी पेला तिच्या हातात दिला. "पण तू बघितलंच नाहीस."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. सुताराच्या डोळ्यांत दर गुरुवारी ही बाई स्वतःच्या हाताने थेंब घालत होती.

"मला सांगायचं नाही का, आई? भांडायचं तरी!"

"कशी भांडू? तू सिनेमाला जात असतीस तर चांगली खडसावली असती. तू निघालीस देवाच्या कामाला. आता देवाशी भांडण कोण काढणार? त्यापेक्षा म्हटलं, लेकीकडे जावं. तिच्या घरी कुणाला देवाचं एवढं काम नाही."

हे त्या हसत म्हणाल्या. औषधवालीला मात्र रडू आवरेना. सासूबाईंनी तिला रडू दिलं. मग म्हणाल्या, "अर्धा तास आहे ना माझा? रडण्यात घालवू नकोस. वाच काहीतरी. तीन महिन्यांत नवीन काही ऐकलं नाही मी."

तिने एक स्तोत्र वाचलं. मग आणखी एक. सासूबाई डोळे मिटून ऐकत होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते. वाचून झाल्यावर सवयीने तिच्या तोंडून निघून गेलं, "कशासाठी प्रार्थना करू?"

औषधवालीला वाटलं, डोळ्यांसाठी म्हणतील.

"माझी एक सून आहे," सासूबाई म्हणाल्या. परक्या बाईला सांगावं तसं त्या सांगत होत्या. "गुणाची आहे. सगळ्यांचं करते आणि फार दमते. जिन्यावरचं तिचं पाऊल ऐकून मला कळतं, आज किती दमलीय ते. तिच्यासाठी कर."

औषधवालीने हात जोडले, डोळे मिटले. शेकडो घरांत प्रार्थना केलेली बाई. आज जीभ टाळ्याला चिकटली. तेव्हा सासूबाईंनीच चाचपत तिचं डोकं शोधलं, त्यावर हात ठेवला आणि प्रार्थना केली.

"प्रभू, हिला वाटतं सगळं जग हिच्याच खांद्यावर आहे. ते तुझ्या खांद्यावर आहे, हे हिला जरा समजावून सांग. तू स्वतः सातव्या दिवशी विसावा घेतलास, मग हिचं काय अडतंय? आणि ज्यांच्याकडे ही जाते त्यांनाही सांभाळ, ती माणसं चांगली आहेत. आमेन."

"आई, तुम्ही जाऊ नका," औषधवाली म्हणाली. "उद्या आपण डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ. मी सगळं सोडते. गायकवर्ग, मंडळ, भेटी, सगळं."

"अगं बाई, सगळं कशाला? सुताराच्या डोळ्यांत थेंब कोण घालणार? एक घर ठेव, एक काम ठेव. बाकीचं दुसऱ्यांना दे, त्यांनाही देवाने हात दिलेत. आणि रोज संध्याकाळी माझ्याजवळ एवढंच बसत जा. जास्त नको, मलाही कंटाळा येतो." मग हळूच म्हणाल्या, "लेकीला फोन लावून दे. म्हणावं, वाट बघू नको."

फोन झाला. बाहेर दिवे लागले. दोघी तशाच बसून राहिल्या. थोड्या वेळाने सासूबाई म्हणाल्या, "बराच वेळ झाला. जायचं असेल ना तुला?"

"कुठे जाऊ, आई? मी इथेच राहते."

"हो, नाही का?" सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी तिचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला.