मिसरची नदी, सेलूचा कापूस

हैदराबादच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात सगळी उमर घालवून दिनकरराव सेलूला परतले, तेव्हा डोळ्यांवर जाड चष्मा होता आणि डोक्यात एकच वेड. गावातल्या वाचनालयात पुस्तकं देणगीदारांच्या नावानं लावलेली होती. शेतीचं पुस्तक हवं असेल तर ते कोणाच्या वडिलांच्या स्मरणार्थ आलंय, हे आधी ठाऊक पाहिजे. दिनकरराव म्हणाले, सगळं विषयवार लावू. अध्यक्ष आबासाहेबांनी वाचनालयाच्या किल्ल्या सोपवल्या, पण यावर हातच जोडले.

"कपाटं माणसांची हायत, दिनकरराव. एकाचं पुस्तक दुसऱ्याच्या कपाटात गेलं की गावात भांडण लागंल."

मग दिनकररावांनी पुस्तकं जिथल्या तिथं ठेवली आणि विषयांची कार्डं तेवढी लिहून काढली. कोणत्या विषयावर कोणत्या कपाटात काय आहे, ते कार्डावर. आता फक्त शोधणारं कुणी यायला हवं होतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत दोघं आले. भुजंग हा अडत्याचा मुलगा. मल्हारी मेंढरं राखणाऱ्या घरातला, कॉलेजात गेलेला त्यांच्यातला पहिलाच. दोघं एकाच कॉलेजात इंटरला होते आणि मराठीच्या प्राध्यापकांनी निबंध दिला होता, 'आपल्या भागातील कापूस'.

"काका, चांगलं पुस्तक काढून द्या," भुजंग म्हणाला, "आमी उतरून घेतो."

"पुस्तक तू काढायचं. मी फक्त कसं ते सांगतो. बैस."

दिनकररावांना हुरूप आला. कार्डांची पेटी पुढं ओढून ते सांगू लागले. कापूस म्हणून एकाच जागी बघायचं नाही. रुई बघायची, सरकी बघायची, जिनिंग, बाजार, काळी जमीन बघायची. "पुस्तक लिहिणाऱ्याला तुझा शब्द ठाऊक नसतो. त्याच्या मनात कोणता होता, ते तू हुडकायचं. मग लिहिणारा कुठला, कधीचा, त्याला हे कुणी सांगितलं, ते बघायचं. आन् दुसरं पुस्तक काय म्हणतंय तेबी बघायचं."

भुजंग उपरण्यानं वारा घेत बसला. "लय उकडायलाय काका. एकच पुस्तक सांगा ना."

दिनकररावांनी पेटी त्याच्याकडं सरकवली. त्यानं कापसाचं पहिलंच कार्ड उचललं, पुस्तक घेतलं आणि गेला. मल्हारी मात्र रोज येत राहिला. पण त्याच्याशीही दिनकररावांचा जीव मेटाकुटीला यायचा. काही सापडलं की तो धावत विचारायचा, "काका, हे खरं का?" आणि दिनकरराव करवादायचे, "मला नको इचारू! दुसरं पुस्तक बघ!"

दुसरं पुस्तक त्यानं बघितलं, आणि तिथंच सगळं अडलं. एकात होतं, इकडचं देशी बियाणं शेतकऱ्यांनी आपण होऊन सोडलं. दुसऱ्यात होतं, व्यापाऱ्यांनी सोडायला लावलं. मल्हारीनं घरी म्हाताऱ्यांना विचारलं, तर त्यांच्यातही दोन तट. शेवटी त्यानं दोन्ही बाजू लिहिल्या आणि खाली प्रामाणिकपणे लिहिलं, की यातलं खरं काय ते मला ठरवता आलं नाही.

दिनकररावांनी त्याची पाठ थोपटली.

दिवाळीत मल्हारी आला तो पायरीवरूनच बोलला. "काका, माझ्या निबंधावर शेरा हाय, 'लेखकाला विषय समजलेला नाही.' भुजंग पहिला आला. आता वाचनालयाच्या वर्धापनदिनाला आबासाहेब त्याचाच निबंध वाचून घेणार हायत. तुमचं ऐकून मला काय मिळालं?"

दिनकररावांना त्या प्राध्यापकाचा राग आला, भुजंगाचा आला, आणि उन्हाळाभर या पोराला राबवलं म्हणून स्वतःचा सगळ्यात जास्त आला.

निजामी अमलात सभेला परवानगी लागायची; वर्धापनदिनासाठी ती पोलीस ठाण्याच्या अमीनसाहेबांकडून आधीच काढलेली होती. अडते, जिनिंगवाले, शेतकरी, सगळं गाव वाचनालयात जमलं. भुजंगानं झोकात सुरुवात केली. कापसाची थोरवी झाली. मग तो वाचू लागला, "दरसाल दुधनेला महापूर येतो, तिचा सुपीक गाळ शेतांवर पसरतो, आणि पूर ओसरल्यावर शेकडो कालव्यांतून कापसाला पाणी मिळतं."

दिनकररावांनी चष्मा काढून पुसला. हे मिसर देशातल्या शेतीवरच्या पुस्तकातलं होतं. पोरानं नील नदी खोडून तिथं दुधना घातली होती, बस्स. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. दुधनेत बैल धुणारी, आभाळाकडं डोळे लावून कापूस पेरणारी ही माणसं. कुणीतरी आता हसेल, कुणीतरी विचारेल. कुणीच विचारलं नाही. उलट टाळ्या पडल्या.

मल्हारी उठला. "कालवे कुठं हायत?"

"खाली बैस!" आबासाहेब गरजले. "पुस्तकात हाय ते वाचतोय त्यो."

तेव्हा दिनकरराव उठले. गर्दीतून वाट काढत कपाटापाशी गेले, पुस्तक काढलं आणि ते पान मोठ्यानं वाचलं. नील नदीचं नाव येताच मागं कुणीतरी खुदकन हसलं आणि मग सगळेच हसले. भुजंगाचं तोंड उतरलं. पण आबासाहेब भडकले. चारचौघांत वाचनालयाची शोभा केली म्हणून त्यांनी दुसऱ्याच दिवशी दिनकररावांकडून किल्ल्या काढून घेतल्या.

मल्हारी त्यांच्या घरी आला. दिनकररावांना वाटलं, आभार मानायला.

"तुमी आधीच का न्हाई उठलात, काका? माझ्यावर वरडेपर्यंत का थांबलात?"

"चुकलं माझं," दिनकरराव म्हणाले.

"ते ऱ्हाऊ द्या. बियाणं कुणी सोडायला लावलं, ते सांगा."

"मलाबी ठाऊक न्हाई रे!" ते जवळजवळ ओरडलेच. मग म्हणाले, "परभणीला बियाण्याचं सरकारी शेत हाय. तिथं जुने अहवाल असतील, उर्दूत. चल, वाचू."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं दोघं परभणीला गेले. उन्हातून चालत शेतावर पोचले. कारकुनानं मान वर न करताच सांगितलं, "साहब दौरे पर हैं. उनकी इजाजत के बगैर कुछ नहीं दिखा सकते."

दिनकररावांनी विनवलं, आपली हैदराबादची नोकरी सांगितली, शेवटी भांडले. कारकून पान खायला उठून गेला.

परतीच्या गाडीला वेळ होता. स्टेशनच्या बाकावर दिनकरराव डोळे मिटून टेकले. पायांत गोळे आले होते. पुन्हा या वाटेला यायचं नाही, असं त्यांनी मनाशी ठरवूनही टाकलं.

"काका," मल्हारी म्हणाला, "त्यो दौरा कुठं हाय ते मी मघाशी शिपायाला इचारलं. साहेब सोमवारी येणार हायत. तुमी नका येऊ, तुमाला झेपत न्हाई. मला फक्त सरकीला उर्दूत काय म्हणतात तेवढं सांगून ठेवा."

दिनकररावांनी डोळे उघडले. "बिनौला," ते म्हणाले. "पण तेवढ्यावर भागायचं न्हाई. बीज, तुख्म, असंबी लिहिलेलं असंल. कागद काढ."