मैनेचं बाळंतपण

मैना व्याली तेव्हा गोजरबाईनं साऱ्या गावाची लाज काढली, असं अनुसयाबाईचं म्हणणं होतं. ही अनुसयाबाई शेजारीण. तिची भिंत गोजरबाईच्या भिंतीला लागून, आणि कान त्या भिंतीला लागून. कुत्री व्याली तर व्याली. उकिरड्याच्या कडंला खड्डा उकरती, पिल्लं घालती, कुणी ढुंकून बघत नाही. पण गोजरबाईनं मैनेला घरात घेतलं, बाज टाकली, बाजेखाली शेगडी ठेवली, ओव्याची धुरी दिली आणि वर अळिवाची खीर. लढाईचे दिवस, गूळ मिळायची मारामार, आणि इथं कुत्री वाडगं चाटून राहिली!

"माज्या सुनेला इतकं न्हाई केलं मी," अनुसयाबाई म्हणाली.

"ते दिसून राहिलं तुमच्या सुनेकडं बघून," गोजरबाई म्हणाली.

आता मैना म्हणजे काही गावभर हिंडणारं कुत्रं नव्हे. तांड्यावरच्या लोकांची कारवानी जात ती. लांब तोंड, लांब पाय, पोट पाठीला टेकलेलं. कयाधूच्या काठानं सशामागं सुटली की नुसती धूळ दिसायची. तिची पिल्लं न्यायला कळमनुरीपासून औंढ्यापर्यंतचे लोक यायचे आणि दारात ताटकळत बसायचे, कारण गोजरबाई आधी त्यांची चौकशी करायची. घरात कोण असतं, कुत्र्याला शिळं घालता की ताजं, बायकोला मारता का. एका जमादाराला तिनं हात हलवत परत पाठवलं होतं. नवरा सोनाजी चार दिवस चावडीपुढून गेला नाही.

नर मात्र तिच्याकडं नव्हता. नर रतनसिंग नायकाचा, पलीकडच्या तांड्यावरचा, हिरा नावाचा. आणि नराच्या धन्याचा हक्क पहिला. पिल्लं पायावर उभी राहिली की नायक येणार, वेतातलं एक आधी तो उचलणार, मग बाकीचं जग. यात बदल नाही. हा रिवाज मोडला की तांड्याचा नर मिळायचा बंद, आणि गोजरबाईचा शब्दही गेला.

या वेताला पाच पिल्लं झाली. चार धडधाकट आणि पाचवं निपचित. सोनाजीनं शेपटाला धरून बघितलं आणि म्हणाला, "हे गेलं. खड्डा खणतो."

"आदी तुमच्यासाठी खणा!" गोजरबाईनं पिल्लू हिसकावून घेतलं. तोंडातला चिकटा बोटानं काढला, उलटं धरून झटकलं, गोणपाटानं खसाखसा चोळलं, नाकात फुंकर मारली. मेलेलं पिल्लू शिंकलं. मग असं केकाटलं की भिंतीपलीकडून अनुसयाबाईनं विचारलं, "आता काय झालं गं बाई?"

आधीच्या चौघांनी आईच्या थानांचा कब्जा घेतलेला. हे मधे घुसलं की लाथा खाऊन बाहेर. म्हणून गोजरबाई त्याला शेळीच्या दुधात कापसाची वात बुडवून पाजायची आणि पदरात घेऊन निजायची. पोट भरलं की ते उताणं पडायचं, चारी पाय वर, डोळे मिटून, जसं काही दुनिया त्याची चाकर. तिनं त्याचं नाव ठेवलं नबाब.

"अगं, हळू म्हण," सोनाजी दाराकडं बघत बोलला. "राज्य कुणाचं हाय, काही भान?"

"मग राज्यवाल्यायनी आपलं नाव बदलावं. हे आदीच नबाब हाय."

तिनं पाचवीसुद्धा पुजली. पाटा-वरवंटा मांडला, हळदकुंकू वाहिलं. सटवाई येते आणि लेकराच्या कपाळी नशीब लिहिते ना, म्हणून पाचही पिल्लांची कपाळं ओल्या फडक्यानं पुसून ठेवली.

"कुत्र्याच्या कपाळावर सटवाई काय लिहील गं?" सोनाजी म्हणाला. "भुंक. एवढंच. जागा तरी किती हाय."

गोजरबाई एरवी अशा बोलण्याला चार बोलणी परत द्यायची. त्या दिवशी ती नुसतं फडकं पिळत राहिली, आणि सोनाजीला आपली जीभ चावावीशी वाटली. कारण ही शेगडी, असाच ओवा, असंच अळीव घरात आलं होतं ते वीस वर्षांमागं, गोजरबाईच्या स्वतःच्या बाळंतपणाला. लेकरू जन्मलं ते डोळा न उघडताच गेलं. पाचवी पुजायची राहिली. पुढं कूस उजवलीच नाही. ते अळीव कधीच किडलं, पण शेगडी फळीवर तशीच पडून होती. तिच्यात पहिला विस्तव पडला तो या कुत्रीसाठी, याच वेताला.

म्हणून नबाब तिला जायला नको होता. दुसरं कुठलंही न्या, चारही न्या, पण हे नको. तसं नायकाला सरळ मागितलं असतं तर तो काही राक्षस नव्हता. पण मागायचं म्हणजे गावासमोर तोंड उघडायचं आणि अनुसयाबाईनं ते ऐकायचं. त्यापेक्षा गोजरबाईनं हिंग उगाळला.

त्याचं असं होतं, की नायक पिल्लू स्वतःच्या मनानं निवडत नसे. ते काम कुत्रीचं. अंगणात पराट्यांचं, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचं, रिंगण करायचं, मधे पाटीत पिल्लं ठेवायची, पराट्या पेटवायच्या आणि आईला सोडायचं. जाळ बघून ती घाबरून उडी घेते आणि एकच पिल्लू तोंडात धरून आणते. ते सगळ्यात अस्सल. "आई चुकत न्हाई," नायक म्हणायचा. मैनेला हिंगाचा वास सोसत नसे. तेव्हा गोजरबाईनं नबाबाला कानापासून शेपटापर्यंत हिंग चोपडला आणि निर्धास्त झाली.

नायक सकाळी घोडीवरून आला. पांढऱ्या मिशा, लाल पागोटं. सोनाजीनं चिलीम पुढं केली. भिंतीवरून अनुसयाबाई आणि तिच्यामागं अर्धी आळी डोकावून राहिली. सोनाजीनं पराट्या रचल्या, गोजरबाईनं पाटी मधे ठेवली, नायकानं काडी लावली आणि मैनेला सोडलं.

मैना धावत गेली. जाळाजवळ थांबली, वास घेतला. मग दोनदा गिरकी घेऊन तिथंच ऐसपैस पसरली, जाळाकडं पाठ शेकत, आणि शेपूट हलवत गोजरबाईकडं बघायला लागली.

"हे काहून?" नायक म्हणाला.

"शेक घेऊन राहिली ती," भिंतीवरून अनुसयाबाई ओरडली. "महिनाभर शेगडी घेतली बयेनं! आता खीर आणा म्हणावं!"

आणि ते खरं होतं. विस्तव दिसला की आडवं पडायचं आणि पडलं की वाडगं येतं, हे मैनेला गोजरबाईनंच शिकवलं होतं. आळी खो खो हसायला लागली. नायकाच्याही मिशा हलल्या. तेवढ्यात वारा फिरला. जाळ आत वळला, धुराचा लोट पाटीवर गेला आणि पिल्लं केकाटायला लागली.

गोजरबाईनं लुगडं गुडघ्यावर खोचलं की नाही, पाय भाजला की नाही, तिला काही कळलं नाही. ती रिंगणात होती, आणि बाहेर आली तेव्हा तिच्या छातीशी नबाब होता. मागोमाग सोनाजीनं आत घुसून उरलेल्या चौघांसकट पाटी ओढून आणली.

गोजरबाईनं हातातल्या पिल्लाकडं बघितलं आणि आपण काय करून बसलो ते तिच्या ध्यानात आलं.

"आईनं उचललं," नायक हळूच म्हणाला. मग त्यानं नाक वाकडं केलं. "हिंग? फोडणी घातली का ह्याला?"

गोजरबाईनं पिल्लू पदराआड ओढलं. तिचे डोळे भरून आले होते, आणि धुराचं निमित्तही आता उरलं नव्हतं. नायकानं तिच्याकडं बघितलं, पदरातल्या कापसाच्या वातीकडं बघितलं. नऊ लेकरांचा बाप तो, त्याला सगळं कळलं. त्यानं घसा खाकरला आणि साऱ्या आळीला ऐकू जाईल असं बोलला, "न्हाई बुवा. हे काय कामाचं? पाय काटक्या, छाती न्हाई. अर्धं मेलेलंच जन्मलं म्हणतेत. असलं मरतुकडं मी तांड्यावर नेऊन काय करू? ठेवा बाई तुमालाच. मी दुसरं नेतो."

झालं. फक्त "बरं" म्हणायचं होतं. सोनाजीनं मनातल्या मनात म्हणूनही टाकलं.

"मरतुकडं?" गोजरबाई म्हणाली.

"अगं..." सोनाजी पुढं सरकला.

"मरतुकडं कोणाला म्हणून राहिला तुमी, नायक? ह्याला? अवो, ह्या पाचात कोणी मरून परत आलंय का? हे आलंय! काटक्या म्हणं! तुमच्या हिऱ्याला म्हणा काटक्या!" आणि तिनं नबाबाला मानेच्या कातडीला धरून साऱ्यांसमोर उंच उचललं. अस्सल पिल्लू असं लोंबतं धरलं तर कुईं करत नाही, हे तांड्यात आणि गावात सगळ्यांना ठाऊक. नबाब लोंबकळत राहिला. चारी पाय ढिले. हूं नाही की चूं नाही. वरून साऱ्या आळीवर नजर फिरवली आणि जांभई दिली.

"बघितलं?" गोजरबाई ओरडली. "बघितलं का? हाय का असं कोणापाशी?"

"न्हाई," नायक म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. चाळीस वर्षं तो कुत्री बघत आला होता. "असं न्हाई बघितलं. बाई, मग देता का?"

गोजरबाईचा हात वरच राहिला. मग तिनं तो खाली घेतला, नबाबाचं कपाळ पदरानं पुसलं आणि पिल्लू नायकाच्या हातात दिलं.

"दूध शेळीचं," ती म्हणाली. "कोमट. वात पिळून द्या, न्हाईतर ठसका लागतो. उताणा निजला तर हलवू नका. आन् नाव बदलायचं न्हाई."

नायकानं नबाबाला पागोट्याच्या सुटलेल्या पदरात घेतलं आणि घोडीला टाच मारली. अनुसयाबाई भिंतीवरून कधी उतरली ते कळलंच नाही. थोड्या वेळानं ती मागच्या दारानं आली आणि गुळाचा खडा चुलीपाशी ठेवून गेली.

सोनाजी अंगणातली राख गोळा करायला लागला. वाकूनच म्हणाला, "तो ठेवा म्हणत हुता. तू गप बसली असतीस तर?"

"आन् माज्या लेकराला मरतुकडं म्हणू दिलं असतं?" गोजरबाई म्हणाली.

मैना अजून राखेजवळ खिरीची वाट बघत पडली होती. गोजरबाई उठली आणि तिनं शेगडी पेटवली.