सूनबाई चांगो विशे

आटगाव स्टेशनपासून चार किलोमीटर आत असलेल्या गावात कुणाला सरकारी फॉर्म भरायचा असला, की तो चांगो विशेंकडे यायचा. चांगो विशे म्हणजे निवृत्त हवालदार. एकवीस वर्षं फौजेत काढली, परत येऊन भाताची शेती धरली, पण इस्त्रीची पँट आणि प्लास्टिकची फाइल काही सुटली नाही. शहापूरच्या तहसीलमध्ये शिपायापासून साहेबापर्यंत सगळे त्यांना ओळखत. पंचक्रोशीतल्या सहा माजी सैनिकांची आणि त्यांच्या बायकांची फौजी दवाखान्याची कार्डं चांगोंनी स्वतः खेटे घालून काढून दिली होती. कागद कधी खोटं बोलत नाही, माणूस बोलतो, असं ते चारचौघांत सांगत.

एकच कार्ड काढायचं राहिलं होतं, आणि ते त्यांच्याच बायकोचं होतं. दिव्याखाली अंधार, दुसरं काय. लोकांनी विचारलं तर म्हणत, "तिला काय धाड भरलीय? अजून दोन हंडे एकावर एक आनते."

मग एका सकाळी एका हंड्यालाच तिला धाप लागली. आधी शहापूरचा डॉक्टर झाला, त्यानं कल्याणला पाठवलं, आणि कल्याणच्या डॉक्टरनं पडद्यावर हृदय दाखवून सांगितलं की एक झडप अरुंद झालीय, दोन महिन्यांच्या आत बदलायला हवी. खर्च पाच लाखांच्या पुढे. त्याहून जास्त थांबलात तर मी जबाबदारी घेणार नाही, असंही तो म्हणाला. चांगोंनी सगळं फाइलच्या पाठीवर लिहून घेतलं. लिहून झाल्यावर त्यांनी फाइल मांडीवर दाबून धरली.

मुलगा रूपेश नवी मुंबईत नोकरीला. त्याच्या कंपनीच्या विम्यात बायको आणि मूल बसत होतं, आईबाप बसत नव्हते. पण त्यानं त्याच आठवड्यात धनेश नावाचा विमा एजंट घरी पाठवला. धनेश मुरबाडचा, गोड बोलणारा पोरगा. ओटीवर बसून त्यानं मोबाइलवर आकडे काढले. दोघं साठीच्या पुढचे, म्हणून वर्षाला बावन्न हजारांचा हप्ता. पुढच्या वर्षी वाढेल, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी वाढेल.

"आनि हिची झडप?" चांगोंनी विचारलं.

"काका, आधीपासून असलेल्या आजाराला तीन वर्सं थांबावं लागतं."

चुलीपाशी बसलेली बायको आतूनच बोलली, "मंग त्या झडपेला सांग ना रे बाबा, तीन वर्सं थांब म्हनून. ती माझं काय ऐकत नाय, तुझं ऐकंल."

धनेश हसला आणि चहा पिऊन गेला. त्याचा तरी काय दोष?

चांगो मात्र निर्धास्त होते, निदान तसं दाखवत होते. फौजेची योजना होतीच की. चांगोंनी मागेच एकदा पैसे भरले होते, त्यांचं कार्ड खिशात होतं. एकदाच भरायचं आणि जन्मभर नवराबायकोनं औषधपाणी घ्यायचं, हप्ता नाही की काही नाही. "मानसानं आधीच तजवीज करावी ती अशी," असं ते धनेशच्या पाठीमागे म्हणालेही. फक्त बायकोचं नाव चढवायचं बाकी होतं.

आणि घोडं तिथंच पेंड खात होतं. आधार कार्डावर नाव होतं वंदना चांगो विशे. फौजेच्या दप्तरात हवालदार विशेंच्या बायकोचं नाव होतं सूनबाई चांगो विशे.

"बाबूची चूक," चांगोंनी घरात सांगितलं. "तमिळ बाबू व्हता. त्याला आपली नावं काय कळतात?"

धाप लागत असल्यामुळे हल्ली ती कमीच बोलायची.

आता खरं काय ते सांगायला हवं. बाबू तमिळ होता हे खरं, पण चूक त्याची नव्हती. चाळीस वर्षांपूर्वी चांगो बारा दिवसांच्या रजेवर आला, तेव्हा घरच्यांनी मुरबाडकडची एक मुलगी बघून ठेवली होती. माहेरचं नाव गोदू. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नवरीचं नवं नाव लिहितात, तसं आत्यानं चांगोचा हात धरून लिहवून घेतलं. नाव कानात सांगितलं, पण दारात ताशा वाजत होता, आणि तांदळात जे उमटलं ते बघायच्या आत कुणीतरी ताट उचललं. चौथ्या दिवशी तार आली आणि चांगो पलटणीत परत गेला. त्या चार दिवसांत घरात तिला जो तो सूनबाई म्हणत होता. चांगो स्वतः तिला 'अगो' म्हणत होता. नवऱ्यानं बायकोला तिचं नाव विचारायचं म्हणजे काय? लाज वाटली, राहून गेलं.

पलटणीच्या ऑफिसात बाबूनं फॉर्म पुढे ओढला आणि म्हणाला, "वाइफ का नाम बोलो."

चांगोला घाम फुटला. गोदू सांगावं तर ते नाव आता मोडीत निघालं होतं. नवं नाव आठवेना. मागे रांगेत अकरा जवान उभे. कानात एकच आवाज येत होता, आईचा, सूनबाई, पाणी आण, सूनबाई, दिवा लाव. "सूनबाई," चांगो म्हणाला. बाबूनं स्पेलिंग विचारलं आणि ठसठशीत अक्षरात लिहून घेतलं.

पुढच्या रजेवर तिच्या बहिणीचं पत्र घरी आलेलं चांगोंनी पाहिलं. वर पत्ता होता, सौ. वंदना विशे. चांगोंना तेव्हा कळलं की आपल्या बायकोचं नाव वंदना आहे. पण आता दप्तर दुरुस्त करायचं तर कारण सांगावं लागणार होतं, आणि कारण सांगण्याजोगं नव्हतं. आज करू, उद्या करू म्हणता म्हणता चांगो नाईक झाले, हवालदार झाले, पेन्शनीत आले. झाकली मूठ झाकलेलीच राहिली. दुसऱ्यांच्या बायकांची कार्डं काढताना ते नावाचा रकाना दोनदा तपासायचे, पण का ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

तर चांगोंनी शहापूरच्या टायपिस्टकडून प्रतिज्ञापत्र करून घेतलं, लिपिकाच्या चुकीमुळे नाव असे असे पडले. मुरबाडला जीपनं जाऊन मेव्हणा सोमा याच्याकडून गोदू तीच वंदना असा पंचायतीचा दाखला आणला. लग्नाची पत्रिका आणली. फाइल अशी काही भक्कम झाली की तिच्यावर उभं राहून आंबे काढावेत. मग एका सोमवारी ते बायकोला घेऊन जिल्ह्याच्या सैनिक कार्यालयात गेले, कारण तिची सही आणि अंगठा तिथंच हवा होता. कार्यालय पहिल्या मजल्यावर. सतरा पायऱ्या चढायला तिला तीनदा थांबावं लागलं. तिसऱ्यांदा ती कठड्याला धरून खाली बसली आणि म्हणाली, "तुमी व्हा पुढं. मी येते."

चांगो पुढे गेले नाहीत. ते शेजारच्या पायरीवर इस्त्रीच्या पँटीनिशी बसले.

वर टेबलाशी हरड नावाचे निवृत्त सुभेदार होते. चष्मा कपाळावर ठेवून त्यांनी फाइल शेवटपर्यंत वाचली. असा कागद वाचणारा माणूस बघून चांगोंना एरवी आनंद झाला असता.

"विशे, फाइल चांगली आहे," हरड म्हणाले. "पण एक गोष्ट. बाबूची चूक म्हणताय, तर मूळ फॉर्म मागवावा लागेल. त्यावर तुम्ही काय सांगितलं, त्यानं काय लिहिलं, ते तपासतील. सहा महिने धरा."

"साहेब, डॉक्टरनं दोन महिने दिलेत. त्यातला एक संपला."

"म्हणूनच विचारतो. नाव तुम्हीच चुकीचं सांगितलं असेल, तर तसं कारणासकट लिहून द्या. मग तपासायला काही उरत नाही. आजाराचे कागद जोडून मी आजच तातडीनं पाठवतो. पण कारण खरं हवं. काय झालं होतं?"

चांगोंनी बायकोकडे पाहिलं. ती बाकावर बसून पदरानं मान पुसत होती. ओठ जरा निळसर दिसत होते. आजवर चांगोंना कुणाची भीती वाटली नव्हती असं नाही, पण आता वाटली तशी कधी वाटली नव्हती. आणि भीतीपुढे लाज ती केवढीशी.

ते उठून सावधानमध्ये उभे राहिले. कारण सांगायचं तर उभं राहूनच सांगायचं, ही सवय.

"साहेब, मला बायकोचं नाव म्हाईत नव्हतं."

हरडांनी चष्मा खाली डोळ्यांवर घेतला. चांगोंनी सगळं सांगितलं. ताशा, ताट, तार, मागचे अकरा जवान, काही लपवलं नाही. पलीकडच्या टेबलावरची शीतल नावाची मुलगी टायपिंग थांबवून तोंडावर रुमाल धरून बसली. चांगोंनी तिच्याकडेही पाहिलं नाही. बोलणं संपलं तेव्हा त्यांच्या शर्टाची पाठ ओली झाली होती.

मग ते बाकाकडे वळले. ती हसत होती. आवाज न करता, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी काढत हसत होती. चांगोंना आधी वाटलं धापच लागली.

"म्हंजे त्यो बाबू उगाच शिव्या खात व्हता इतके दिस," ती म्हणाली.

"चुकलं माझं," चांगो म्हणाले. हे शब्द त्यांनी घरात कधी वापरले नव्हते.

तिनं थोडा दम घेतला, आणि मग नवऱ्याला सोडून थेट सुभेदारांना सांगितलं, "लिवा साहेब. चाळीस वर्सं सरकारात मी यांच्या आयची सून व्हते. आता यांची बायको म्हनून लिवा."

हरडांनी लिहिलं. शीतलनं दुपारच्या आत टाइप करून दिलं, आणि कागद त्याच दिवशी निघाला. तीन आठवडे चांगो रोज कार्यालयात फोन करत. बाविसाव्या दिवशी नाव दुरुस्त झाल्याचा कागद आला, त्यावर दवाखान्याची तात्पुरती पावती मिळाली, आणि त्या पावतीवर मोठ्या इस्पितळात भरतीची चिठ्ठी. डॉक्टरनं दिलेल्या दोन महिन्यांतले पाच दिवस शिल्लक होते. भरतीच्या खिडकीवर चांगोंनी खिशात हात घातला, तर तिथल्या बाईनं मान हलवली. इथं काही भरायचं नाही, म्हणाली.

शस्त्रक्रिया साडेपाच तास चालली. रूपेश बाहेर फेऱ्या मारत होता, आणि चांगो एका खुर्चीत ताठ बसले होते, फाइल मांडीवर. दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सनं चांगोंना एकट्याला आत सोडलं. ती पांढऱ्या चादरीखाली होती, नळ्यांमध्ये, इतकी लहान दिसत होती की चांगोंना क्षणभर वाटलं, आपण चुकीच्या खाटेशी आलो.

"अगो," ते हळूच म्हणाले.

काही हललं नाही.

"काका, भूल अजून उतरतेय," नर्स म्हणाली. "नावानं हाक मारा. आपल्या नावाला माणूस लवकर जागं होतं."

चांगोंनी घसा खाकरला. चाळीस वर्षांत तो शब्द त्यांनी फॉर्मवर लिहिला होता, तोंडानं एकदाही उच्चारला नव्हता. किती आवाजात म्हणायचा असतो तेही त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून परेडच्या मैदानावर निघायचा तोच आवाज निघाला.

"वंदना."

शेजारच्या दोन खाटांवरचे पेशंट दचकले. बाहेरून रूपेश काचेशी धावत आला. चादरीतून एक हात जरासा वर झाला आणि चांगोंच्या मनगटावर पडला.

"हळू," ती डोळे न उघडता म्हणाली. "हितंच हाय मी."