घोडी पळते की जॉकी पळवतो?

हे कोणाला सांगायचं नाही, असं निकितानं मला बजावलं आहे. पण माणसं आपल्यासमोरच आपल्याबद्दल वाद घालू लागली, की किती वेळ गप्प बसायचं? म्हणून बोलते. मी हरणी, सोनपेठजवळच्या मुंजाजींची तांबडी घोडी.

माझा जन्म त्यांच्याच छपरातला. मोठी झाल्यावर त्यांनी मला वरातीसाठी तयार केलं. हलगी वाजू लागली आणि लगाम आखडला, की जागच्या जागी नाचायचं. पाठीवरचे नवरदेव भीतीनं खोगीर घट्ट धरायचे आणि फोटोसाठी हसायचेही. मला त्यांची गंमत वाटायची.

पण मला पळायला जास्त आवडायचं. ते आधी कळलं मुंजाजींच्या मुलीला, निकिताला. तिच्या हट्टामुळे मागच्या वर्षी जत्रेच्या शर्यतीत माझं नाव लागलं. पाठीवर मात्र मुंजाजींचा पुतण्या महारुद्र बसला. मोठा ताकदीचा गडी! त्यानं लगाम मुठीला गुंडाळला. हलगी कडाडली, रुमाल पडला, बाकीची घोडी सुटली आणि मी नाचू लागले. त्यानं आणखी ओढलं, मी आणखी नाचले.

"अरे, नवरदेवाला उतरवा आधी!" लोक ओरडले.

संध्याकाळी ओट्यावर महारुद्र म्हणाला, "काका, ही वरातीचीच हाय. इकून टाका बाजारात."

"तुजं बी काय चुकलं न्हाई म्हना," मुंजाजी म्हणाले. ते मोबाईलवर शहरातल्या रेस बघतात. "जॉकी कोनी बी असू दे, पळायचं ते घोडंच पळतंय. वर बसनारा म्हंजे नुसतं वझं."

निकिता चहा घेऊन आली होती. ती चारचौघांत बोलत नाही. पण खाली बघत म्हणाली, "पप्पा, वझंच लागतंय तर पुढच्या बारीला मी बसते. मी दादापेक्षा लय हलकी हाय."

आतून निकिताची आई धुरपताबाई हसल्या. "धरलं बगा पोरीनं बापाला शब्दात!"

मुंजाजी मिशीवरून हात फिरवत राहिले. "बस मग. पन पुन्हा नाचली, तर बाजारातच जाईल ती."

त्या दिवशी मला कडबा गोड लागला नाही.

निकिता मात्र माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "हरणे, तू नुसत्या हलगीला नाचत न्हाईस. हलगी अन् आखडलेला लगाम, दोन्ही मिळून नाचतीस. मी बगितलंय." मग रोज सकाळी आम्ही गोदावरीच्या काठी जाऊ लागलो. ती मोबाईलवर हलगी लावायची, लगाम सैल सोडायची आणि माझ्या मानेवर वाकायची. सुरुवातीला माझे पाय आपोआप थिरकायचे. ती मारायची नाही. थांबायची, थोपटायची, पुन्हा लावायची. हळूहळू पायांना समजलं, की सैल लगाम म्हणजे पळायचं. हेच ते आमचं गुपित.

आज जत्रेत पुन्हा हलगी वाजली. निकिता घाबरली होती, लगामातून मला कळत होतं. भीतीनं मूठ आवळली असती, तर सगळं संपलं असतं. तिनं ती उघडली.

मी सुटले! वळणावर मी बाहेर फेकली जात होते, तेव्हा ती अलगद आत झुकली आणि मीही वळले. पोखर्णीचा काळा घोडा पुढे राहिला, पण दुसऱ्या आम्हीच आलो, आणि या फेरीतले पहिले दोघे फायनलला जाणार होते.

आता माझ्याभोवती गर्दी आहे. मुंजाजी आपल्या उपरण्यानं माझी मान पुसत आहेत. "बाजार गेला उडत," असं ते हळूच माझ्याशी पुटपुटले.

"पोरीनं पळवली!" एकजण म्हणतो.

"ह्या! दम घोडीतच हाय," दुसरा म्हणतो.

महारुद्र निकिताजवळ जाऊन विचारतो, "मला बी शिकवशील का गं?"

मला कोणी विचारत नाही. पाय माझे आहेत, दमही माझाच, हे मी आधीच कबूल करते. पण वर बसणारा म्हणजे नुसतं वझं, असं मुंजाजी म्हणाले होते ना, ते...

"ए जॉकीबाई!" मुंजाजीच पुढे जाऊन हाक मारताहेत, सगळ्या गर्दीला ऐकू जाईल अशी. "आन हरणीला! फायनलला नाव पुकारायलेत, तुजं अन् तिचं!"

आले, आले! तर मी सांगत होते, पाय माझेच, पण स्वतः भीत असताना दुसऱ्याला मोकळं सोडायला जे लागतं ना, ते मात्र निकिताचं!