चढणीवर उकळलेली गाडी

आमच्या चढणीवर गाड्या उकळतात, म्हणून तर माझं गॅरेज चालतं. वसंतात चेरी फुलल्या त्या आठवड्यात वेल्चोकाकांची गाडी वाफा सोडत दारात आली. मागे स्तोयनाकाकू मांडीवर बोचकं घेऊन बसल्या होत्या.

"लवकर दुरुस्त कर गं, रूस्का," काकू म्हणाल्या. "वरच्या गावी बहिणीकडे चाललेय, कायमची. याची दारू यालाच लखलाभ!"

"प्यालो नाही म्हणतोय ना!" काका ओरडले.

"हिवाळ्यात डॉक्टरांनी बंद केली, मी म्हटलं ओतून टाक. दुसऱ्या दिवशी पाच लिटरचा बुधला रिकामा आणि मोरीला वास नाही. मग काय मांजर प्याली? वसंत आला तरी खरं बोलत नाही!"

काका तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायला गेले. मी हातावर फटका मारला. तोंड भाजून घ्यायची हौस! इंजिन निवेपर्यंत दोघं एकमेकांकडे पाठ करून बसले. माझे दोघंही लाडके, त्यामुळे दोघांचाही राग आला.

पंखा फिरत होता. पाइप फुटला नव्हता, खाली गळतीचा ठिपकाही नव्हता. थर्मोस्टॅट ठीक होता. शेवटी झाकण काढलं आणि नाकात राकियाचा, प्लमच्या घरगुती दारूचा, भपकारा शिरला.

"काका, कूलंटच्या जागी दारू?"

"हिवाळ्यात पाणी गोठू नये म्हणून," काका पुटपुटले. "वडील ट्रॅक्टरमध्ये घालायचे."

"थंडीत चालतं. ऊन पडलं की ती पाण्याआधी उकळते."

"माझ्या भावानं, मिंचोनं गाळलेली होती गं. तो वारला त्याआधीची शेवटची. मोरीत ओतवेना. हिला सांगितलं असतं तर हसली असती."

काकू उतरल्या, रेडिएटरशी वाकल्या आणि बराच वेळ वर झाल्याच नाहीत. "पाचच्या पाच लिटर?"

"एक पेला कमी. तो मिंचोच्या थडग्यावर ओतला."

मी रेडिएटर रिकामा केला, धुतला, कूलंट भरलं, आत अडकलेली हवा काढली. इंजिन चालू केलं, आता तापमानाचा काटा मधोमध थांबला. काकू डोळे पुसत नवऱ्यावर खेकसल्या, "गाढवा, घराकडे वळव." मग मला म्हणाल्या, "बहिणीचा फोन आला तर सांग, गाडी दुरुस्तच झाली नाही."

बावीस वर्षांत माझ्या कामाबद्दल असं कुणी बोललं असतं, तर मी पाना फेकून मारला असता. त्या संध्याकाळी फोन आला तेव्हा मी स्वतःच सांगितलं, की मला काही ती गाडी जमली नाही.