दुसऱ्या गिअरची खटखट

नेकनूरच्या सुंदररावांची मोटार बंकट चालवायचा. हैदराबादेतून जुनी घेतलेली, कापडी टपाची, तीन गिअरची गाडी होती. बंकट औरंगाबादेत एका उस्तादाच्या हाताखाली चार वर्षं राहिला होता, त्यामुळे गाडी उघडणं आणि जोडणंही त्याच्याकडेच असे. निजामाच्या राज्यात त्या बाजूला मोटारी बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. बिघडलेली मोटार दुरुस्त करणारा तर बंकट सोडला तर बीडशिवाय कुठे नव्हता.

निजामी सालातल्या खुर्दाद महिन्याचं, म्हणजे चैत्र-वैशाखाचं ऊन होतं. सुंदररावांची लेक जानकी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. आदल्या दिवशी सकाळी कळा सुरू झाल्या, रात्र गेली, दुसऱ्या दिवशी उन्हं डोक्यावर येत चालली तरी सुटका होईना. चतुराबाई सुईण तीस वर्षं हेच काम करत आली होती. ती खोलीतून बाहेर आली आणि मूल अडलंय, आता हे माझ्या हातचं राहिलं नाही, बीडला डॉक्टरणीकडं न्या, असं तिने सुंदररावांना सरळ सांगून टाकलं.

मागच्या सीटवर गादी टाकून जानकीला निजवलं. चतुराबाई तिच्या पायांशी खाली फळीवरच बसली. सुंदरराव पुढे, बंकटच्या शेजारी. वेस ओलांडून बंकटने दुसरा गिअर टाकला आणि पायाखालून आवाज यायला लागला. खट, खट, खट. गाडीने वेग घेतला तसा आवाजही भरभर येऊ लागला.

बंकटला हा आवाज नवा नव्हता. चार दिवसांपूर्वी रिकामी गाडी घेऊन तो बीडहून परत येत होता. मांजरसुंब्याच्या घाटात प्रवाशांच्या सर्व्हिस मोटारीला मागे टाकायच्या नादात त्याने क्लच पुरता न दाबताच गिअरचा दांडा ओढला होता. आत काहीतरी कर्रकन् वाजलं, आणि तेव्हापासून ही खटखट सुरू झाली होती. मालकाला सांगितलं तर आपल्याला गाडीवरून उतरवतील, या भीतीने तो गप्प राहिला. वेळ मिळाला की गुपचूप उघडून बघू, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. तो वेळ काही मिळाला नव्हता.

सपाट रस्ता लागला तसा तो एकेक गिअर टाकून ऐकू लागला. तिसऱ्यात आवाज नाही. पहिल्यात नेहमीची घरघर, खटखट नाही. दुसऱ्यात टाकला की पुन्हा सुरू. म्हणजे दुसऱ्या गिअरच्या चाकाचा दाता गेला होता. तेवढंच असतं तर दुसऱ्याला हात न लावता बीड गाठता आलं असतं. पण मांजरसुंबं जवळ आलं तेव्हा एका चढावर त्याने पहिला टाकला आणि आत एकदाच, दाढेखाली खडा यावा तसं, काहीतरी कडकन् वाजलं. दांडा त्याच्या तळव्याला धक्का देऊन उडाला.

तुटलेला तुकडा तेलात फिरत होता. घाटात तो चाकांच्या दात्यांमध्ये अडकला असता तर मागची चाकं जागच्या जागी आवळली असती, नाहीतर गिअर सुटून गाडी मोकळी पळाली असती. ब्रेक जुने होते. भरलेली गाडी ते एकटे वळणावर धरू शकणार नाहीत, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

घाटाच्या तोंडाशी, कपिलधारची वाट फुटते तिथे, त्याने लिंबाखाली गाडी थांबवली आणि चाकांना दगड लावले.

"कावून थांबलास?" सुंदररावांनी विचारलं.

बंकटने मान वर केली नाही. "मालक, गिअरबॉक्सात दाता तुटून पडलाय. असंच घाट उतरलो तर गाडी माझ्या हातात राहायची न्हाई. आन हे आजचं न्हाई. चार दिवस झाले. माझ्याच हातनं झालं, मी बोललो न्हाई."

सुंदररावांचा हात उठला आणि तसाच हवेत राहिला. मागे जानकी दात आवळून कण्हत होती. बैलगाडी बघायची तर बीडला पोचायला दिवस मावळला असता. किती वेळ लागेल, एवढंच त्यांनी विचारलं. बंकटने अर्धा तास सांगितला. सुंदररावांनी चतुराबाईकडे पाहिलं.

"घंटाभर मी हिला धरते," ती म्हणाली. "त्याच्या पुढचं इचारू नका."

बंकटने पुढची फळी उचलली. झाकणाचे सहा बोल्ट होते. पाच सुटले. सहाव्याचं डोकं झिजलेलं होतं, त्यावरून पाना दोनदा निसटला आणि बोटांची साल निघाली. तिसऱ्यांदा तो फिरला. झाकण काढलं तेव्हा आतून तापलेल्या तेलाचा वास आला. मधल्या, दुसऱ्या गिअरच्या चाकाचे शेजारशेजारचे दोन दाते मुळापासून गेले होते.

त्याने तेलात हात घातला. पहिला तुकडा लगेच सापडला. दुसरा खाली, चाकांच्या आसापलीकडे पेटीच्या भिंतीला टेकून बसला होता. बोटाचं टोक त्याला लागत होतं, पण मूठ आत जात नव्हती. तारेचा आकडा करून ओढायला गेला तर तुकडा आणखी खाली सरकला. तेवढ्यात जानकीचं कण्हणं थांबलं. ती शांतता सुंदररावांना सोसवेना. ते गाडीभोवती फेऱ्या मारू लागले.

चतुराबाईने जानकीच्या तोंडावर पाणी मारलं, तिला डोळे उघडायला लावले आणि पुढे सरकली. कुठं आहे ते, तिने विचारलं. बंकटने जागा सांगितली. तिने डाव्या हातातल्या बांगड्या कोपराकडे सारल्या.

"उजवा हात हिच्यासाठी ठेवते," ती म्हणाली.

तिचा हात लहान होता. दोन चाकांमधून तो मनगटापर्यंत गेला, मग आणखी आत. तोंड जानकीकडे फिरवून ती तिच्याशीच बोलत राहिली, श्वास घे, डोळे मिटू नको माय, असं. बंकट तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. थोड्या वेळाने ती बोलायची थांबली, तिच्या खांद्याला हिसका बसला, आणि काळ्या तेलातून हात बाहेर आला.

बंकटने दोन्ही तुकडे मोकळ्या जागेवर धरून पाहिले. जागा भरली. आत आता काही उरलं नव्हतं.

वेळ वाचवायला त्याने चारच बोल्ट आवळले. हॅण्डल मारून गाडी सुरू केली आणि कान लावला. क्लच दाबून ऐकलं, सोडून ऐकलं. गुणगुण एकसारखी होती. दहा पावलं पहिल्यात चालवली, तरी काही वाजलं नाही. मग त्याने सुंदररावांना हातब्रेक धरायला सांगितलं आणि सांगेन तेव्हाच ओढा, असं बजावलं. आजवर मालकाला त्याने कधी हुकूम केला नव्हता.

सगळा घाट पहिल्या गिअरमध्ये उतरला. इंजिन ओरडत होतं, पण गाडी त्याच्या ताब्यात होती. तिसऱ्या वळणावर समोर मेंढरं आली. धनगर काठी आपटत धावला. "वढा," बंकट म्हणाला. दोन्ही ब्रेक आवळले गेले, जळका वास सुटला, आणि गाडी शेवटच्या मेंढरापासून हातभर अंतरावर थांबली. मेंढरं बाजूला होताच त्याने पुन्हा पहिला टाकला. पायथ्याशी गाडीला वेग दिला आणि दुसऱ्याला वगळून थेट तिसरा.

बीडच्या दवाखान्यातल्या डॉक्टरणीने जानकीला पाहताक्षणीच आत नेलं. तासाभराने चिमटा लावून मुलगी झाली. निळी पडली होती, रडायला तिने वेळ घेतला, पण रडली. जानकीला आठ दिवस ताप राहिला आणि मग उतरला.

मुलगी झाल्याचं सांगायला सुंदरराव स्वतः बाहेर आले. बंकट पायरीवर बसला होता. तो उठू लागला तर त्यांनी त्याला खांदा दाबून बसवलं आणि स्वतःही शेजारी बसले.

"परवा केजला गेलतो तवा मी बी ऐकला व्हता तो आवाज," ते म्हणाले. "इचारलं न्हाई. इचारलं असतं तर गाडी बंद ठेवावी लागली असती."

 

नवं चाक हैदराबादेहून यायला दीड महिना लागला. तोवर गाडी बीडलाच उभी होती आणि बंकट तिच्यापाशी. चतुराबाई मात्र दुसऱ्याच दिवशी बैलगाडी बघून द्या म्हणाली. नेकनूरात आणखी एका बाईचे दिवस भरत आले होते, तिच्याकडे जायचं होतं.