माफी त्याच्याकडे मागा

लिफ्ट अडकली की आतला माणूस लाल बटण दाबतो आणि माझ्या टेबलावरचा फोन वाजतो. हीच माझी नोकरी. नवरा याच कंपनीत मेकॅनिक होता. तो गेल्यावर कंपनीने मला तक्रार विभागात घेतलं. "चला, तुझी कॉलेजची डिग्री तेवढी तरी कामाला आली," सासूबाई म्हणाल्या. घाबरलेल्या माणसाशी शांतपणे बोलायचं आणि मेकॅनिक आधी कुठे पाठवायचा ते ठरवायचं, एवढंच काम. त्या वर्षी विजेचा काही नेम नव्हता. गावात दंगल पेटलेली, दुकानं भर दुपारी शटर ओढून घ्यायची, रोज कुठे ना कुठे दगडफेक, निम्मे रस्ते बंद, आणि गावभर माणसं दोन मजल्यांच्या मधे लोंबकळत. मी हट्टाने तळमजल्याची जागा घेतली होती. ओल येते तर येऊ दे, पण माझी लेक लिफ्टमध्ये पाऊल टाकणार नाही.

नवरा लिफ्टनेच मेला. एका मोठ्या इमारतीत तो लिफ्टच्या खाली, खड्ड्यात उतरून काम करत होता. उतरण्याआधी मेन स्विच बंद करून त्याने हँडलला बोर्ड अडकवला होता, 'काम चालू आहे, स्विच लावू नये'. कोणी पाहुणे खाली ताटकळले, म्हणून इमारतीच्या मॅनेजरने बोर्ड काढला आणि स्विच लावला. चौकशीत मात्र म्हणाला, बोर्ड नव्हताच. नवऱ्याचा जोडीदार लंबू, त्याने हँडलला लोंबणारी बोर्डाची दोरी डोळ्यांनी पाहिली होती. पण दोरी म्हणजे बोर्ड नव्हे, असं साहेब लोकांनी ठरवलं. मयताचा हलगर्जीपणा, असा निकाल दिला. म्हणजे जीव गेला तो गेला, वर चूकही त्याचीच.

हा मॅनेजर आमच्याच चर्चमध्ये येतो. पुढच्या बाकावर बसतो, गाणी सगळ्यांच्या वर आवाज काढून म्हणतो. मी मागून त्याच्या मानेकडे बघत बसते. डोळे मिटून प्रार्थना करायची असते, पण मी मिटत नाही.

उत्तम शुक्रवारची, म्हणजे गुड फ्रायडेची, उपासना आटोपून चर्चचे पाळकसाहेब आमच्या घरी आले. चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "पुनरुत्थानाची, मेलेले पुन्हा उठतील याची, आशा धरा, आणि मनातला कडवटपणा सोडून द्या."

"आशा धरलीच आहे, पाळकसाहेब. म्हणून तर कडवटपणा सोडत नाही."

ते चष्मा पुसायला लागले. "म्हणजे कसं?"

"क्रुसावर मेलेला प्रभू उठला तेव्हा त्याच्या हातांवर जखमा होत्या ना? मग माझा नवराही चेंगरलेल्या खांद्यासकट उठेल. त्या माणसासमोर उभा राहील आणि विचारेल, माझा बोर्ड कुठे टाकलास. मला ते बघायचंय. स्वर्गात बाकी काही नसलं तरी चालेल."

"अगं, पाळकांशी असं बोलतात का?" सासूबाई म्हणाल्या, आणि लगेच त्यांच्याकडे वळल्या. "पण काय हो, तिचं चुकलं कुठे?"

"फक्त तोवर धीर धरवत नाही," मी म्हणाले. "हातात सापडला तर इथेच सूड उगवेन."

बाहुलीची वेणी घालत बसलेल्या माझ्या चिमणीने मान वर केली. "आई, तो कुठे पेरलायस?"

पाळकसाहेबांना हसू आवरेना. मलाही आवरलं नाही, आणि नंतर किती तरी वेळ मला त्या हसण्याचाच राग येत राहिला.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी दुपारी, वीज गेली. रस्ते बंद असल्यामुळे लंबू एकटाच कामावर पोचला होता. एका कॉलेजातल्या मुली त्याने सोडवल्या, आणि तेवढ्यात माझा फोन वाजला. इमारतीचं नाव ऐकलं. तीच इमारत आणि तीच लिफ्ट.

"मी इथला मॅनेजर. एकटाच अडकलोय, मॅडम. आतला दिवापण गेलाय. मला दमा आहे, आणि पंप वर ऑफिसात राहिला."

त्याने मला ओळखलं नव्हतं. "घाबरू नका, हवा येत असते," मी म्हणाले. "मेकॅनिक येईल."

"कधी?"

"तुमचा नंबर लागला की."

त्याचा फोन बाजूला ठेवून मी मोबाइलवर लंबूला फर्निचरच्या दुकानात पाठवलं. तिथे मालाच्या लिफ्टमध्ये एक कपाट अडकलं होतं.

"वहिनी, कपाटाला कसली घाई?"

"मालक डोकं खातोय. जा तू."

खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. तापलेले पाय गार फरशीवर टेकावेत, तसं. मी बाटलीतलं पाणी प्याले आणि बाटलीचं झाकण नीट लावलं. मग तो परत बोलायला लागला. प्रत्येक शब्दामागे शिट्टी वाजत होती. चिमणीची छाती भरते तेव्हा मी तिच्या पाठीला कान लावून हीच शिट्टी ऐकत बसते. किती वरची आहे, किती आतली आहे, सगळं मला कळतं. ही आतली होती.

"मॅडम, मी मरेन हो इथे."

"त्या लिफ्टखाली एक माणूस आधीही मेलाय ना?"

"कोण बोलतंय?"

"त्याची बायको."

मला वाटलं, फोन ठेवेल. पण ठेवून जाणार कुठे?

"बोर्ड होता," तो म्हणाला. "मीच काढला. जिन्याखाली फेकला. ताई, माफ करा मला. माफ करा आणि काढा इथून."

हेच ऐकायला मी जगत होते. आणि ते आलं ते असं, दुसऱ्या कोणाच्याही कानावर न पडता, एका दमात दोन मागण्या एकत्र बांधून. माफी म्हणजे त्याला दाराची किल्ली वाटत होती.

"माझ्याकडे काय मागता? माझा खांदा चेंगरलेला नाही. माफी त्याच्याकडे मागा."

"त्याच्याकडे कशी मागू आता?"

"चर्चला कशाला येता मग? तो उठणार आहे. तुमच्यासमोर उभा राहणार आहे."

"आणि मग?"

"मग तुमचं काय करायचं, ते त्याचं तो बघेल."

मी हे त्याला घाबरवायला म्हणाले होते. पण तोंडातून निघालं आणि घाबरले मी. कारण ते खरं असेल, तर हा हिशोब माझा नव्हताच. नवरा कायमचा मातीत गेला असता, तर त्याच्या वतीने कोणीतरी गळा धरायला हवा होता, आणि मी धरला असता. पण तो उठणार असेल, तर आधी या मॅनेजरशी बोलेल आणि मग माझ्याकडे वळून विचारेल, आत माणूस होता, आणि तू लंबूला कपाट काढायला पाठवलंस? एकदा एका दारुड्याने लिफ्टच्या आतून माझ्या नवऱ्याला आईवरून शिव्या घातल्या होत्या. तरी हा ताटावरून उठून गेला होता आणि त्याला बाहेर काढून आला होता. मी चिडले, तर म्हणाला होता, "अडकलेल्याला चांगला की वाईट असं विचारायचं नसतं. मजला विचारायचा."

मी विचारला. तिसरा आणि चौथा, यांच्या मधे.

मोबाइलवर लंबूला म्हणाले, "कपाट सोड." आणि कुठे जायचं ते सांगितलं.

तो म्हणाला, "बसू दे की त्याला. दादाला चिरडलं त्याच लिफ्टमध्ये बसलाय. जरा विचार करू दे."

"दम लागलाय त्याला."

"लागू दे."

"दादा उठला की त्याला हे तू सांगणार, का मी सांगू?"

लंबूने अशी शिवी हासडली की त्या पवित्र आठवड्यात कानावर पडू नये. पण पाठोपाठ मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला.

मी दुसरा फोन कानाशी धरून बसले. "खाली बसा. कॉलरचं बटण काढा. नाकाने घ्या, तोंडाने हळू सोडा." चिमणीला सांगते तेच शब्द, आणि या माणसावर ते खर्च करताना माझ्या जिवाची आग आग होत होती.

"ताई, माफ केलंत का?"

"नाही. श्वास घ्या."

त्याने घेतला. थोड्या वेळाने विचारलं, "तो खरंच उठेल, असं वाटतं तुम्हाला?"

"तुम्हाला वाटत नाही?"

"आजवर नुसतं म्हणत होतो."

लंबू गच्चीवरच्या मशीन-रूममधून बोलला. "वहिनी, हाताने ब्रेक सोडतोय. हळू सोडू, का जरा हिसका देऊ?"

"नेहमीसारखा सोड."

घरघर ऐकू आली, मग दार ओढल्याचा आवाज, आणि कोणीतरी "पंप आणा, पंप" म्हणत धावलं. मॅनेजर मात्र अजून फोनपाशीच होता. त्याची शिट्टी मला ओळखू येत होती.

"बोर्ड होता, हे चौकशीवाल्यांना सांगा," मी म्हणाले.

"नोकरी जाईल माझी. तुरुंगातही टाकतील."

"टाकतील."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर तो उठला की विचारेलच. मी तोवर थांबते."